डिब्बीवरचा टिळा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना मी थोडी छाती काढूनच सांगते. ज्यांच्या घरी आजोबाच वकील होते त्यांना यात काय एवढं, असं वाटतं. वाटू दे. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. पुढे फौज संपली आणि माणसं दौलतगंजात भाड्याच्या खोल्यांत राहिली. घरात एक तलवार उरली, तिला म्यान नाही, आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दुनळी बंदूक. त्या बंदुकीच्या लायसन्सवर आबांना बँकेच्या दारावर गार्डची नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीवर मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनीअर झाले.

कॉलेजच्या वर्षांत आमच्याकडे पाहुणे आले की आबा मला हाक मारून बाहेर बोलवत आणि म्हणत, “सांग यांना, काय शिकते ते.” मी सांगायची. कुणालाच काही कळायचं नाही, आबांनाही नाही. पण त्यांचा चेहरा असा व्हायचा की समजून घ्यायची गरजच नाही, मुलगी बोलते आहे एवढं बास.

आता मी शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, दुधाच्या एका प्लांटमध्ये काम करते. टँकरमधून दूध येतं, तापवलं जातं, थंड होतं, टाक्यांत साठतं आणि पाकिटांत जातं. या प्रत्येक कामाचा आपापला पॅनेल आहे. पॅनेल म्हणजे लोखंडी कपाट समजा, आत तारा आणि यंत्रं. सगळ्यांवर हुकूम चालवणारा मुख्य कंट्रोलर वर कंट्रोल रूममध्ये बसतो. पण पंप सुरू कर, वॉल्व्ह बंद कर, दूध किती तापलं ते सांग, ही बोलणी हॉलभर फिरवलेल्या एकाच केबलवरून होतात, आणि बोलण्याचं काम करतं ते प्रत्येक पॅनेलमधलं कम्युनिकेशन मॉड्यूल. हाताच्या पंजात मावेल एवढी राखाडी प्लास्टिकची डबी असते. प्लांटमध्ये तिला सगळे डिब्बी म्हणतात. मीसुद्धा डिब्बीच म्हणते. नुसतं मॉड्यूल म्हटलं तर आमच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

दसऱ्याला प्लांट बंद असतो आणि यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी कामगारांनी घरच्यांना आत आणावं, अशी आमच्याकडे पद्धत होती. बायका नव्या साड्या नेसून पाकिटांच्या मशीनपुढे फोटो काढत, मुलं टाक्यांवर चढू नयेत म्हणून एक माणूस मुद्दाम उभा असे. आई म्हणाली, मला गुडघ्यांनी होणार नाही, तू यांना ने. मग मी आबांना घेऊन गेले. घरी त्यांनी सकाळीच तलवार आणि बंदूक पाटावर ठेवून पूजा केली होती. पूजेआधी बंदूक उघडायची, नळ्यांतून उजेडाकडे बघायचं, आत गोळी नाही याची खात्री करायची आणि खटकन बंद करायची. नोकरीतही रोज ड्यूटीवर उभं राहण्याआधी ते हेच करत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हाताची ती चाल गेलेली नाही.

प्लांटमध्ये आबांना टाक्यांचं काही वाटलं नाही. “तुझं काय आहे ते दाखव,” म्हणाले. माझं म्हणजे मी सांभाळते ते. मी त्यांना दूध तापवायच्या पॅनेलपाशी नेलं आणि दार उघडलं. आमचे सीनियर इलेक्ट्रिशियन तिथेच पूजेचं ताट घेऊन उभे होते. सगळा प्लांट त्यांना उस्ताद म्हणतो.

“ही करते काय?” आबांनी डिब्बीकडे बोट केलं.

“निरोप नेते, आबा. वरचा खाली, खालचा वर.”

“म्हणजे जासूद.”

“जासूदच म्हणा.”

“जासूद रस्त्यात निरोप विसरला तर?”

“निरोपाच्या शेवटी ती एक आकडा जोडते. निरोपातूनच हिशेब करून काढलेला. ऐकणारा तोच हिशेब पुन्हा करून बघतो. आकडा जुळला नाही की निरोप टाकून द्यायचा. पाठवणाऱ्याला परत पाठवावा लागतो.”

“आणि वरून कुणी बोललंच नाही तर?”

“तर ती वाट बघत बसत नाही. ठरलेल्या वेळात हाक आली नाही की पंप बंद, वॉल्व्ह बंद. दूध जिथे आहे तिथे थांबतं.”

“गार्ड असाच पाहिजे,” आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “सकाळी हिला कोण तपासतं?”

हा प्रश्न मला आवडला. मी सांगितलं की ती स्वतःच तपासते. करंट आला की कामाला लागायच्या आधी ती आपल्या तोंडावरचे दोन्ही बारीक दिवे एकदा हिरवे, एकदा लाल लावून दाखवते. दिवाच फुटका असेल तर तो काय सांगेल, म्हणून आधी दिव्यांची परीक्षा. मग स्वतःच्या स्मृतीत काहीतरी लिहून ते परत वाचून बघते. मग आपला प्रोग्राम आहे तसाच आहे ना, एखादं अक्षर बिघडलं तर नाही, ते बघते. हे सगळं पार पडलं की पहिला दिवा हिरवा होतो. तो तिच्या तब्येतीचा दिवा. दुसरा दिवा केबलचा, तो मागाहून.

“मी बंदूक बघायचो तसं.”

“तसंच.”

“मग हिची पूजा व्हायलाच पाहिजे,” असं म्हणून आबांनी उस्तादांच्या ताटातलं कुंकू पाण्यात कालवलं आणि करंगळीशेजारचं बोट त्यात बुडवलं. डिब्बीच्या तोंडावर दोन गोल चकत्या आहेत, दाण्याएवढ्या, मधोमध खाच असलेल्या. आबा थोडं वाकून बघत होते. “माथा कुठला हिचा?” असं स्वतःशीच म्हणाले आणि दोन्ही चकत्यांवर एकेक टिळा लावला. वर आपट्याचं पान ठेवलं.

उस्ताद हसले. “बाबूजी, आपने तो दोनों आँखों पर लगा दिया!”

“आँखें नहीं हैं, माथे हैं,” आबा म्हणाले. “दो माथे वाली है.”

मी अडवलं नाही. करंट बंद होता, कुंकू बाहेरच्या बाजूला होतं, आणि अडवण्यासारखं मला काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांट सुरू करताना मी स्वतः त्या पॅनेलसमोर उभी होते. दिवे हिरवे-लाल झाले, तब्येतीचा हिरवा झाला, पाठोपाठ केबलचा हिरवा झाला, दूध तापायला लागलं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात हे एकट्या मलाच आठवत होतं.

नंतर मी मावसबहिणीच्या साखरपुड्याला देवासला गेले. परत आले तेव्हा गेटवरचा शिपाई म्हणाला, “मैडम, आपके पिताजी वाला कांड हो गया.”

आत गेले तर मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आमची डिब्बी, दुधाच्या रिकाम्या पाकिटात घालून ठेवलेली, एखाद्या खुनाच्या केसमधल्या सुऱ्यासारखी. चकत्यांच्या खाचांत अजून लाल रंग होता. झालं असं होतं की वीज गेली, परत आली, आणि सगळे पॅनेल उठले पण दूध तापवायचा पॅनेल उठला नाही. त्याच्या डिब्बीचा केबलचा दिवा लाल. उस्तादांनी करंट बंद करून पुन्हा दिला, पुन्हा लाल. डिब्बी काढून बघितली तर तिच्या तोंडावरच्या खाचांत कुंकू. मग आणखी काही बघायची कुणाला गरजच वाटली नाही. नवी डिब्बी बाहेरून मागवली होती, ती यायला आठवडा तरी जाणार होता. तोवर पंप हाताने चालवून थोडंथोडं दूध तापवत होते आणि बाकीचे टँकर गेटवरूनच परत जात होते.

मॅनेजरसाहेब वाईट माणूस नाहीत. पण टँकर परत जाताना ज्याला खिडकीतून दिसतात त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. ते म्हणाले, “देखिए, मैं आपको कुछ नहीं कह रहा. पर अगले साल से किसी के घर वाले अंदर नहीं आएँगे. पूजा गेट पर होगी. लोग समझते नहीं, ये मशीन है, मंदिर नहीं.”

मी म्हटलं, “सर, पूजेच्या दुसऱ्या दिवशी हीच डिब्बी नीट सुरू झाली होती. मी समोर उभी होते.”

“तो बाद में असर हुआ होगा. नमी धीरे-धीरे ही जाती है अंदर.”

असं होऊ शकतं. ओल हळूहळू शिरते हे खरं आहे, आणि मला पटलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

घरी पोचले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आमच्या प्लांटच्या पॅकिंगमधला एक जण मागच्या गल्लीत राहतो. त्याच्याकडून सगळ्या गल्लीला कळलं होतं की आबांच्या टिळ्याने दूध बंद पडलं. एरवी आबा रोज संध्याकाळी किला गेटला जातात. तिथे त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं सायकलचं दुकान आहे आणि निवृत्त गार्ड लोकांचा अड्डा तिथे जमतो. आबांनी तिथे माझ्या नोकरीचं किती कौतुक सांगितलं असेल ते मला माहीत आहे.

“चार दिवस गेलेच नाहीत तिकडे,” आई स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणाली. “दाढी पण केली नाही आहे. मी म्हटलं, अहो जा ना, तर म्हणतात, काय तोंड घेऊन जाऊ.”

आबा खाटेवर बसले होते. टीव्ही लावलेला होता, आवाज बंद.

“आलीस बेटा?” म्हणाले. आणि लगेच, “तू इंजिनीअर आहेस. खरं सांग. माझ्या हातून झालं?”

“अजून माहीत नाही, आबा.”

“माझ्यासाठी खोटं बोलू नकोस तिथे.”

“नाही बोलणार. तुमच्या हातून झालं असेल तर तसं सांगेन.”

“साहेबाला सांग, नव्या डिब्बीचे पैसे माझ्या पेन्शनीतून—”

“आबा, आधी बघू तर द्या मला.”

आई आतून म्हणाली, “जेवून बोला काय ते.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडून डिब्बी मागून घेतली. ते म्हणाले, “क्या करेंगी? मर चुकी है.” मी म्हटलं, “मेली असेल तर तसं तीच सांगेल.”

वर्कशॉपच्या टेबलावर मी तिला एकटीला करंट दिला, केबलशिवाय. उस्ताद आणि साहेब दोघे बघत होते. दिवे हिरवे झाले, लाल झाले, मग तब्येतीचा दिवा हिरवा होऊन स्थिर राहिला. केबलचा दिवा विझलेला, कारण केबलच नाही.

“ज़िंदा है!” उस्ताद म्हणाले.

“आतून धडधाकट आहे,” मी म्हटलं. “स्मृती ठीक, प्रोग्राम ठीक.”

साहेबांनी मान हलवली. “अंदर से ठीक है, मान लिया. पर तार पर तो नहीं बोल रही. कुंकू पिन में गया होगा.”

ते बोलले त्यात चूक काहीच नव्हती. डिब्बी स्वतःला तपासते ते स्वतःपुरतंच. आबा बंदुकीच्या नळ्या बघत, पण काडतूस ओलं आहे की कोरडं ते नळी बघून कळत नाही. मी प्लग उघडून पिना भिंगाखाली बघितल्या. स्वच्छ होत्या. साहेब म्हणाले, दिसत नाही म्हणून नाही असं थोडंच आहे. तेही बरोबर.

मग डिब्बी तिच्या जागी बसवून केबल लावली. करंट दिला. तब्येतीचा दिवा हिरवा, केबलचा लाल. जसं त्यांनी सांगितलं होतं तसंच.

आता त्या लाल दिव्याचे दोन अर्थ होतात, आणि इथे मला कॉलेजातलं शिक्षण कामी आलं, हे मी लपवत नाही. पहिला अर्थ, केबलवर इतका गोंधळ ऐकू येतोय की डिब्बीने बोलणं सोडून दिलं. पिनेत कुंकू गेलं असेल तर असं होऊ शकतं. दुसरा अर्थ वेगळा आहे. केबलवर प्रत्येक डिब्बीला आपला नंबर असतो. उठल्यावर, तोंड उघडायच्या आधी, ती सगळ्यांना एक गोष्ट विचारते: या नंबरवर कुणी आहे का? थोडा वेळ थांबते आणि पुन्हा विचारते. कुणी “मी आहे” म्हटलं तर ती वाद घालत नाही. एकाच नंबरचे दोघे बोलायला लागले तर वरच्याला कोण काय सांगतंय ते कळणार नाही, चुकीच्या पंपाला हुकूम जाईल. म्हणून नंतर आलेली गप्प बसते आणि लाल दिवा लावते. कुणी उत्तर दिलं नाही तरच ती केबलवर येते.

दोन्ही अर्थांना दिवा एकच. लाल.

नंबर ठरतो त्या दोन चकत्यांवर. एक दशकाची, एक एककाची. खाचेच्या एका टोकाला बाण असतो, तो ज्या आकड्यावर तो नंबर. मी भिंग लावून बघितलं. एककाच्या चकतीची खाच कुंकवाने अजून लाल, बाणाचा पांढरा रंग खरवडून निघालेला. बाणाचं टोक तीनवर आहे की चारवर, काही केल्या कळेना. आमच्या पॅनेलला तीन हवा. शेजारच्या थंड टाक्यांच्या पॅनेलचा नंबर चार.

“साहेब,” मी म्हटलं, “टाक्यांचा पॅनेल थोडा वेळ बंद करू द्या. मग ही सुरू करते. पिना खराब असतील तर ही तरीही लाल राहील. नंबराची भानगड असेल तर लाल येणार नाही, कारण उत्तर देणाराच कुणी नसेल.”

साहेबांनी टाक्यांकडे बोट केलं. “टंकियाँ भरी हुई हैं. वो भी बंद करके न उठा तो?”

“तर त्याचं उत्तर मी देईन.”

“उत्तर से दूध ठंडा नहीं रहता, मैडम.”

मला राग आला आणि हसूही आलं, कारण वाक्य चांगलं होतं. उस्ताद मधे पडले. “साहब, भरी टंकी है, इतनी देर में दूध गरम नहीं होता. मेरे घर का फ्रिज रोज़ इससे ज़्यादा बंद रहता है.”

साहेबांनी बोटाने खूण केली: करा.

उस्तादांनी टाक्यांचा पॅनेल बंद केला. दूध ढवळणाऱ्या मोटरींचा आवाज थांबला आणि हॉल एकदम रिकामा वाटायला लागला. मी आमच्या पॅनेलचा करंट बंद केला, पुन्हा दिला. दिवे हिरवे झाले, लाल झाले. तब्येतीचा हिरवा. केबलचा दिवा काही क्षण विझलेलाच होता, ती विचारत होती. मला त्या वेळी आबांची न केलेली दाढी दिसत होती, दुसरं काही नाही. मी घरी सांगून आले होते की खोटं बोलणार नाही, आणि आता लाल आला असता तर मला ते घरी जाऊन सांगावं लागलं असतं.

दिवा हिरवा लुकलुकायला लागला. लुकलुकणारा हिरवा म्हणजे, मी केबलवर आले, आता मला काम द्या.

“पिन ठीक है,” मी म्हटलं. मी मराठीत बोलायला लागले होते की हिंदीत, मलाच आठवत नाही. “तार ठीक. ही चार नंबर सांगतेय.”

उस्तादांनी खिशातून टेस्टर काढला, तोच त्यांचा लहान स्क्रू-ड्रायव्हर, त्याच्या टोकाकडे बघितलं आणि म्हणाले, “ये तो मुझसे हुआ.”

मी देवासला असताना बाहेरचे तपासणीवाले येणार होते, तेव्हा पॅनेलवरचे सगळे टिळे पुसून टाका, असा हुकूम निघाला होता. उस्तादांनी ओल्या फडक्याने सगळं पुसलं. पण खाचेतलं वाळलेलं कुंकू निघेना, म्हणून टेस्टरच्या टोकाने खरवडलं. खाच तर टेस्टरसाठीच केलेली. चकती एक घर सरकली आणि कळलंही नाही.

“पर उस दिन तो चलती रही,” साहेब म्हणाले. “लाइट तो बाद में गई.”

“नंबर ती उठतानाच वाचते. एकदा उठली की दिवसभर चकतीकडे बघत नाही. वीज गेली नसती तर अजून चालूच असती.”

हुकूम कुणी दिला होता हे तिथे कुणीच विचारलं नाही. उस्ताद विचारणार नाहीत, मीही विचारलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मी आमचा पॅनेल बंद करून चकती तीनवर आणली, खट असा बारीक आवाज आला. उस्तादांनी टाक्यांचा पॅनेल सुरू केला, मग मी आमचा. दोन्हीकडे हिरवे, स्थिर. मोटरींचा आवाज परत आला. वरून कंट्रोल रूममधल्या माणसाने ओरडून विचारलं, “क्या किया? आ गया!” उस्ताद खालून ओरडले, “नंबर मिलाया!”

“मतलब टीका नहीं था,” साहेब म्हणाले.

“टीका नहीं था.”

“पर टीका न होता तो सफ़ाई भी न होती.”

“वो भी सच है,” मी म्हटलं. “दरवाज़े पर होता तो किसी का कुछ न बिगड़ता.”

“तो अगले साल दरवाज़े पर. घर वाले भी आएँ.” मग चष्मा परत लावत, “पिताजी को बोल दीजिएगा.”

“आप ही बोल दीजिए, सर,” मी म्हटलं, आणि आबांचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. हे मी आजही बरोबरच केलं असं म्हणते. त्यांच्या खोलीत ठरलेला गुन्हा त्यांच्याच तोंडून पुसला जायला हवा होता. माझ्या तोंडून आबांना ते खरं वाटलं नसतं, मुलगी समजूत काढते आहे असं वाटलं असतं.

“हाँ जी बाबूजी, नमस्ते. मैं प्लांट से... जी. जी, नहीं, आपसे नहीं हुआ. नहीं-नहीं, पैसे कैसे... बिल्कुल नहीं.” मग ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन परत देताना म्हणाले, “आपके पिताजी पूछ रहे हैं कि एक नंबर पर दो जने खड़े हो गए तो उस वक़्त ड्यूटी पर कौन था.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“क्या बताता? कहा, पता करके बताता हूँ.”

उस्ताद टेस्टर खिशात घालत म्हणाले, “साहब, मेरा नाम मत बताना, बंदूक है उनके पास.”

संध्याकाळी घरी पोचले तर खाट रिकामी. आई म्हणाली, “गेले की किला गेटला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, चहाला पण थांबले नाहीत.”

मी स्कूटर तशीच वळवली. सायकलच्या दुकानासमोर बाकावर चौघे-पाच जण होते आणि मधे आबा. मी येतेय हे त्यांना दिसलं नाही.

“दोन गार्ड एकाच पोस्टवर हजर झाले,” आबा सांगत होते, “तर मागून आलेल्याने काय करावं? भांडावं? नाही. गप उभं राहावं आणि लाल दिवा लावावा. तिने तेच केलं. चूक तिची नाही.”

“ते सगळं खरं,” दुकानवाले काका म्हणाले, “पण टिळा तुझाच ना?”

“टिळा माझाच.”

“मग?”

“मग काय? दारावर लावायला पाहिजे होता. आता दारावर लावीन.”

“म्हणजे परत जाणार तू तिथे? घेतील आत?”

“साहेबाने स्वतः फोन करून बोलावलंय,” आबा म्हणाले, आणि तेवढ्यात मी त्यांना दिसले. “ही बघा आली. विचारा हिलाच.”

मला विचारायला कुणी थांबलं नाही. एकाने बाकावर जागा केली, दुसऱ्याने चहा सांगितला, आणि आबांनी नेहमीसारखं म्हटलं, “सांग यांना, काय झालं ते.” मी सांगितलं. चकत्या, नंबर, दोनदा विचारणं, सगळं. या वेळी आबा अधूनमधून मला दुरुस्त करत होते.

घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाले, “पुढच्या दसऱ्याला ती बंद असतानाच मला घरी परत नको आणूस. उठताना बघायची आहे मला.”

तसं केलं. पुढच्या दसऱ्याला आबांनी पॅनेलच्या बंद दारावर एकच टिळा लावला आणि हात मागे बांधून ठेवले, उगाच कशाला लागू नयेत म्हणून. साहेबांना विचारून उस्तादांनी पूजेनंतर करंट दिला आणि मी दार उघडलं. दिवे हिरवे झाले, लाल झाले, पहिला हिरवा होऊन थांबला. दुसरा विझलेला होता.

उस्ताद काहीतरी बोलायला लागले तर आबांनी त्यांच्याकडे न बघताच त्यांना थांबवलं.

“रुकिए,” म्हणाले. “अभी पूछ रही है.”